कडेचे पीक : नगर जिल्ह्यातील करडई

करडई ही झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांच्या कुळातील वर्षायू वनस्पती आहे. तिचे रोप कमरेइतके वाढते, पाने कडांना दातेरी असतात आणि पक्व होताना प्रत्येक दाताचा काटा होतो. शेंड्याला बोंड धरते. या बोंडात एक फूल नसते, बारीक नळीसारख्या अनेक फुलांचा तो गुच्छ असतो. फुले उमलताना पिवळी असतात, मग केशरी होतात आणि सुकत आली की लालसर दिसू लागतात. प्रत्येक फुलाच्या तळाशी एकच पांढरे, चौकोनी, कठीण टरफलाचे बी भरते. फूल रंगासाठी व औषधासाठी, बी तेलासाठी, कोवळे पान भाजीसाठी आणि काटा राखणीसाठी, अशी तिच्या प्रत्येक अंगाला कधी ना कधी किंमत आली. शास्त्रीय नाव कार्थामस टिंक्टोरियस. त्यातला पहिला शब्द अरबी ‘कुर्तुम’वरून आला, दुसऱ्याचा अर्थ रंगाऱ्याची. संस्कृतात ती कुसुम्भ आहे आणि मराठीतला ‘कुसुंबी’ हा रंग तिच्याच फुलाचा.

ही वनस्पती मूळची दख्खनची नव्हे. तिचे रानटी पूर्वज पश्चिम आशियात आढळतात आणि लागवडीला सुरुवातही तिकडेच झाली असे मानले जाते. प्राचीन इजिप्तमध्ये तिच्या फुलांनी कापड रंगवत आणि मृतांना घालायच्या माळांत ती फुले गुंफत. भारतात ती इतक्या आधी रुळली की चरकसंहितेत तिच्या तेलाचे गुणदोष नोंदलेले आहेत. पुढे महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाची कोरडवाहू काळी जमीन हे तिचे भारतातील मुख्य घर झाले. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, या पट्ट्याच्या वायव्य अंगाला येतो.

हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा भाग सोडला तर बाकीचा मुलूख पर्जन्यछायेत आहे आणि त्याच्या मोठ्या भागात वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. त्यातला भरवशाचा पाऊस बहुधा भाद्रपद-आश्विनात येतो. म्हणून जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, शेवगाव, पाथर्डी या बाजूंच्या खोल काळ्या रानांत खरिपाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व रब्बीला राहिले. पावसाळाभर रान कुळवून मोकळे ठेवायचे, ओल जिरवायची आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला की वाफशावर पेरायचे, अशी ही शेती. पेरणीनंतर पाऊस पडलाच नाही तरी पीक जमिनीतल्या ओलीवर निघाले पाहिजे. करडईचे सोटमूळ भुसभुशीत खोल जमिनीत दीड-दोन मीटर आणि त्याहूनही खाली जाते. ज्वारीची मुळे जिथे थांबतात त्याच्या खालची ओल ती ओढते. जानेवारीत जमीन भेगाळून ज्वारीची पाने करपू लागतात, तेव्हाही करडई हिरवी असते.

तरीही जुन्या पद्धतीत तिला सबंध शेत क्वचितच मिळे. शाळू हे मुख्य पीक, त्यात हरभरा किंवा गहू, आणि ठरावीक अंतराने करडईच्या काही ओळी. पाभरीच्या मागे वेगळी नळी बांधून तीतून करडईचे बी सोडत. दुसरी जागा बांधाची. शेताच्या चारी कडांना करडईचा पट्टा पेरला की ती काट्याने वाढे आणि मोकळी गुरे आत शिरत नसत. त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचे, वर तेलबीही हाती येई. करडईच्या इतिहासातली मोठी अडचणही याच सवयीतून आली आहे. आंतरपीक आणि कडेचे पीक म्हणून ती सरकारी पीकपाहणीत नेहमीच तोकडी दिसत आली. कागदावरच्या एकरांपेक्षा घराघरांतला तिचा वावर खूप मोठा होता.

हा वावर भाजीपासून सुरू होई. पेरणीनंतर पंधरवड्यात दाट रोपे उपटून विरळणी करत आणि ती उपटलेली रोपे बायका ओट्यात भरून घरी आणत. महिनाभरापर्यंत पान कोवळे असते, काटा धरलेला नसतो. ही पाने चिरून, लसणाच्या फोडणीत, मुगाच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीबरोबर अथवा ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात आणि भाकरीबरोबर खातात. रब्बीच्या कोरडवाहू गावात हिवाळ्याच्या सुरुवातीला ताजी पालेभाजी मिळण्याचा हाच सोपा मार्ग होता. कर्नाटकाच्या सीमेकडच्या भागात बी भिजवून वाटतात, गाळून त्याचे दूध काढतात आणि खिरीला वापरतात. नगरकडे मात्र करडईची ओळख मुख्यतः भाजी आणि तेलाचीच.

बाजाराने करडईला पहिली मोठी किंमत दिली ती फुलासाठी. रंगासाठी राखलेल्या वाणांत काटे कमी असत, कारण फुले हाताने वेचावी लागत. फुले लालसर झाली की सकाळच्या थंड वेळी ती एक दिवसाआड खुडायची आणि सावलीत वाळवायची. परागण आटोपल्यावर फुले काढल्यास बी भरायला अडथळा येत नाही, म्हणून एकाच रोपातून रंगही मिळे आणि तेलही.

कुसुंब्याचे रंगकाम हे खऱ्या अर्थाने रसायनाचे काम होते. फुलात दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे भरपूर असते, पाण्यात सहज विरघळते, पण कापडावर ते फार काळ टिकत नाही. लाल रंग, ज्याला कार्थामिन म्हणतात, वाळलेल्या फुलांच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो आणि साध्या पाण्यात उतरत नाही. म्हणून रंगारी फुले फडक्यात बांधून आधी वारंवार धुई आणि पिवळा रंग वाहवून टाकी. उरलेल्या चोथ्यात साजीखार किंवा झाडाच्या राखेचा खार मिसळून तो मळला की लाल रंग सुटे. मग त्या पाण्यात लिंबाचा रस, चिंच किंवा आमसुलासारखे आंबट घातले की रंग पाण्यातून निघून सुती धाग्याला धरे. आंबट आणि खार यांच्या प्रमाणावर गुलाबीपासून गडद लालपर्यंत छटा काढता येत. हळद मिसळली तर नारिंगी, निळीच्या रंगावर चढवली तर जांभळी. खार आणि आम्ल यांच्या संबंधाची ही जाण पुस्तकातून आलेली नव्हती, हाताला सवयीने आलेली होती.

या रंगाला जिल्ह्यातच गिऱ्हाईक होते. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले नगर शहर, शेजारचे भिंगार आणि उत्तरेचे संगमनेर ही विणकामाची ठिकाणे होती. साळी आणि कोष्टी मागावर लुगडी विणत, रंगारी सूत आणि पागोटी रंगवत. कुसुंबी रंग दिसायला फार तेजदार, पण उन्हात विटे आणि धुण्यात जाई. साबण किंवा राखेचा खार लागला की तो सुटलाच. त्यामुळे कुसुंबी पागोटे किंवा उपरणे सणासुदीपूर्वी पुन्हा रंगवायला टाकण्याची रीत होती आणि रंगाऱ्याच्या पोटाला ते काम कायमचे बांधलेले असे. रंगाच्या कच्चेपणाने रंगाऱ्याला काम दिले, पण पुढे त्याच कच्चेपणाने कुसुंब्याला बाजारातून घालवले.

१८५६ मध्ये इंग्लंडात विल्यम पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. पुढच्या दोन-तीन वर्षांत किरमिजी लाल देणारा मॅजेंटा आला आणि मग दर वर्षी नवे रंग येऊ लागले. डब्यातली चिमूटभर पूड शेरभर फुलांचे काम करू लागली. वेचणी, वाळवण, धुणे, मळणे यांतले काहीच उरले नाही. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर शहर त्यावर आले. त्याच रुळांवरून गिरणीचे सूत आले, विलायती रंग आला आणि घासलेटही आले. एकोणिसावे शतक संपेपर्यंत कुसुंब्याचा धंदा देशभर मोडकळीला आला होता. ज्या वाणांत काटे कमी होते त्यांची जोपासना फुलासाठीच होत असे. फुलाची मागणी गेली, शेतकऱ्याकडे तेलाच्या काटेरी करडईचेच बी राहिले. शंभर वर्षांनी संशोधकांना बिनकाट्यांची करडई नव्याने घडवावी लागली, यामागे हा तुटलेला धागाही आहे.

रंग गेला तरी करडई रानातून गेली नाही, कारण घाणा चालू होता. बियात साधारण ३० टक्के तेल असते आणि जवळपास निम्मे वजन टरफलाचे. तेली बैलघाण्यावर बी एकटे किंवा तीळ, भुईमूग यांत मिसळून गाळत. हे तेल जेवणात, अंगाला लावायला आणि दिव्यात जळायला चाले. घासलेटाने दिव्यातली जागा घेतली, स्वयंपाकातली जागा मात्र कायम राहिली. कापणी फेब्रुवारीच्या सुमारास होई आणि ती त्रासाची असे. काटे दवाने मऊ असतात तोवर, म्हणजे पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, हातापायांना चिंध्या गुंडाळून रोपे कापत किंवा उपटत. ढीग काही दिवस वाळू देऊन काठीने बडवत आणि वाऱ्यावर उपणत.

बियाचा आणखी एक उपयोग होता. तो आज जवळजवळ विसरला गेला आहे, पण नगरच्या विहीर-बागायतीशी त्याचा जवळचा संबंध आहे. मडक्यात बी भरून ते जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या भांड्यावर उपडे ठेवत आणि वरून गोवऱ्यांचा जाळ करत. उष्णतेने खालच्या भांड्यात काळे, चिकट तेल ठिबके. ते खाण्याच्या कामाचे नसे, पण पाण्यात सतत भिजणारी कातडी आणि दोर त्याने टिकत. चामड्याची मोट आणि तिचा नाडा यांवर हे तेल चोळले की ते कुजत नसत, ताठरतही नसत. करडईचे तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरते, हा गुण यामागे आहे. वायव्य सरहद्दीवरचे पठाण हेच तेल तासन्‌तास उकळून मेणासारखे करत आणि त्याने कापडावर नक्षी काढत. तेल-इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट थांबली, आणि हे काळे तेलही थांबले.

औषध म्हणून करडईचा इतिहास सरळ नाही आणि म्हणूनच तो जरा थांबून पाहण्याजोगा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हितकर आणि अहितकर पदार्थांची एक यादी आहे. वनस्पतीज स्नेहांमध्ये सर्वांत हितकर तिळाचे तेल आणि सर्वांत अहितकर कुसुम्भाचे, असा तेथे स्पष्ट निवाडा आहे. तेलाबद्दल मत इतके प्रतिकूल असूनही वनस्पती वैद्यकातून बाहेर पडली नाही. बी रेचक म्हणून, तेल सांधे चोळायला आणि खरूज-खाजेवर लावायला वापरले गेले. युनानी वैद्यकात ‘कुर्तुम’ बियांना स्थान आहे. चीनमध्ये फुलाला ‘होंग हुआ’, म्हणजे लाल फूल, म्हणतात आणि रक्ताभिसरण तसेच पाळीच्या तक्रारींवर ते प्रमुख औषधांपैकी एक आहे. त्याच कारणाने गर्भारपणात ते वर्ज्य मानतात.

विसाव्या शतकात तेलाबद्दलचा चरकसंहितेचा निवाडा उलटला. १९५० च्या दशकापासून पाश्चात्त्य वैद्यकात रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध चर्चेत आला. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ७५ टक्के, म्हणजे खाद्यतेलांत अगदी वरच्या प्रमाणात असते. हे तेल खाल्ले की कोलेस्टेरॉल उतरते असे दिसले आणि घाण्यावरचे गावठी तेल एकाएकी हृदयाचे तेल ठरले. कॅलिफोर्नियात त्याच दशकात तिची व्यापारी शेती उभी राहिली. भारतात ‘सफोला’ हे नावच करडईच्या ‘सॅफ्लॉवर’ या इंग्रजी नावावरून घेतले गेले, आणि शहरी मध्यमवर्गाला करडईची ओळख रानातून नव्हे, बाटलीवरून झाली. पुढे त्या नावाखाली इतर तेलांची मिश्रणेही आली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली होती. तीत एका गटाला प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारिन दिले होते. त्या चाचणीची मागे राहिलेली आकडेवारी शोधून २०१३ मध्ये नव्याने मांडली गेली, तेव्हा करडईच्या गटात मृत्यू अधिक झालेले आढळले. एका चाचणीवरून तेलाला दोषी धरणे योग्य नाही, कारण तिथले प्रमाण मोठे होते आणि रोगी आधीच आजारी होते. पण करडई एकट्याने, रोज, भरपूर खाण्याचा सल्ला त्यानंतर तितक्या ठामपणे दिला जात नाही. नगरच्या घरांत ती कधीच एकटी नव्हती. तीळ, भुईमूग, जवस यांच्या सोबतीने, आलटूनपालटून ती खाल्ली जाई.

शेतीखात्याचे लक्ष करडईकडे विसाव्या शतकाच्या आरंभी गेले. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांनी बिहारमधील पुसा येथे तिच्या भारतीय प्रकारांचा अभ्यास करून १९१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. नगर जिल्ह्यात मात्र त्या काळात सारी चर्चा पाण्याची होती. गोदावरीचे कालवे आले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. जिल्ह्याचे बागायती उत्तर आणि जिराईत दक्षिण असे दोन भाग पडले ते तेव्हापासून. या बागायतीलाही करडईने हातभार लावला आहे. रासायनिक खते सर्रास मिळण्यापूर्वी दख्खनच्या कालव्यांवर उसाला पेंडखत घालत आणि त्यात एरंडी, करंज यांबरोबर करडईची पेंडही असे. टरफलासह गाळलेली ही पेंड जनावरांना फारशी मानवत नाही, पण नत्र देते. म्हणजे जिराईत रानात पावसाच्या ओलीवर पिकलेल्या बियाचा चोथा कालव्यावरच्या उसाच्या बुडाशी जाई.

१९६८ मध्ये राज्यात कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि महात्मा फुले यांच्या नावाचे, पश्चिम महाराष्ट्रासाठीचे विद्यापीठ राहुरीला, याच जिल्ह्यात उभे राहिले. त्याचे करडईवरचे मुख्य काम सोलापूरच्या केंद्रात झाले. तिथून १९८२ मध्ये ‘भीमा’ हा वाण आला आणि अवर्षणात टिकणारा म्हणून नावाजला. जळगावच्या केंद्रातून ‘फुले कुसुमा’ आला. त्याच १९६८ साली साताऱ्यातील फलटणला बनबिहारी निंबकर यांनी खासगी कृषी संशोधन संस्था काढली आणि करडई हे तिचे जीव ओतून केलेले काम ठरले. २००१ मध्ये या संस्थेने बिनकाट्यांचा ‘नारी-६’ वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाट्यांचा संकरित वाण दिला. फुले पुन्हा उघड्या हाताने वेचता येऊ लागली. वाळवलेल्या पाकळ्यांचा काढा किंवा चहा विकण्याची कल्पनाही याच संस्थेने पुढे आणली.

परंतु संशोधन पिकत असताना क्षेत्र आटत होते. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात करडई सुमारे १० लाख हेक्टरांवर होती. त्यातली बहुतांश महाराष्ट्र आणि कर्नाटकातली. २०१० चे दशक संपताना ती १ लाख हेक्टरच्याही खाली गेली. १९९४ नंतर पामतेलाची आयात मोकळी झाली आणि स्वस्त तेलापुढे घाण्याच्या तेलाचा भाव टिकेना. सोयाबीनने खरिपात रान अडवले, मग रब्बीसाठी मोकळे कुळवलेले रान उरेना. नगरच्या दक्षिण तालुक्यांत कुकडीचे पाणी, शेततळी आणि पाणलोटाची कामे आली. थोडे जरी पाणी असले तरी शेतकरी कांदा, हरभरा किंवा गहू घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही. काटेरी पीक कापायला मजूर मिळत नाहीत. ढगाळ हवेत मावा पडतो आणि उशिरा पेरलेली करडई तो पार बसवतो. बैल गेले तशी पाभरीमागची नळीही गेली. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने एकाच पिकाच्या सरळ ओळी पेरल्या जातात आणि मोकाट गुरे कमी झाल्याने बांधावर काट्यांची गरज राहिली नाही. कडेचे पीक म्हणून असलेली तिची जागा अशी आपोआप पुसली गेली.

आज जिल्ह्यात करडई तुकड्यातुकड्यांनी दिसते, मुख्यतः जिथे पाणी पोहोचलेले नाही आणि जमीन खोल आहे तिथे. केंद्र सरकार तिला किमान आधारभूत किंमत जाहीर करते. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी ती क्विंटलला ५,९४० रुपये होती. कापणी-मळणी यंत्राने होऊ लागल्यावर काट्यांची अडचण बरीच कमी झाली आहे. जिथे असे यंत्र भाड्याने मिळते तिथे सबंध शेतभर करडई पेरणारे शेतकरीही आहेत. लाकडी घाण्याच्या तेलाला शहरात पुन्हा गिऱ्हाईक आले आहे आणि करडईचे तेल तिथे शेंगदाण्याच्या तेलाशेजारी ठेवलेले दिसते. वाळलेल्या पाकळ्या औषधासाठी, काढ्यासाठी आणि खाद्यरंगासाठी विकल्या जातात, केशरात भेसळ म्हणूनही त्या खपतात. पाकळ्यांच्या भावातून वेचणीची मजुरी मात्र अजूनही सुटत नाही. आठवडी बाजारात दिवाळीनंतर करडईच्या कोवळ्या भाजीच्या जुड्या येतात. त्यांतल्या अनेक जुड्या आता तेलासाठी पेरलेल्या रानातल्या विरळणीच्या नसतात, भाजीसाठीच दाट फेकून पेरलेल्या वाफ्यातल्या असतात. ही रोपे महिनाभरात उपटली जातात आणि त्यांना बोंड येतच नाही.